आर्डिसचं न कापायचं गवत

आमच्या गावात शनिवारी सकाळी गवत कापायचं पहिलं यंत्र घरघरलं की कुणालाच घरात बसवत नाही. गवत कापलं नाही तर शेजारी काळजीने विचारतात, "बरं नाही का?" पैसे देऊन दुसऱ्याकडून कापून घेणं तर आमच्या अमेरिकेतल्या नेब्रास्कात शोभतच नाही. हा शुद्ध वेडेपणा आहे हे मला कळतं, तरी कापलेल्या गवताचे पट्टे सरळ आलेत ना, हे मीही दोनदा वळून बघतो.

आर्डिस कोलार यातून एका झटक्यात बाहेर पडली. एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई. नवरा गेला, आणि एकाहत्तराव्या वर्षी तिला पोल्का नाचाच्या बँडमध्ये अकॉर्डियन वाजवायला बोलावणं आलं. तालीम नेमकी शनिवारी सकाळी! गेल्या जूनमध्ये तिने अंगणातलं सगळं लॉन उकरून काढलं आणि इथल्या माळावरचं मूळचं बफेलो गवत लावलं, हातभर अंतरावर एकेक ठोंब.

"याला पाणी?" मी रस्त्यापलीकडून विचारलं.

"एकदा जीव धरला की फारसं नाही."

"खत?"

"नाही."

"मग कापायचं कधी?"

"वाटलं तर वर्षातून दोनदा. मर्ल, तुझ्या का पोटात दुखतंय?"

दुखतच होतं.

थंडीपर्यंत ठोंब पसरून अंगण भरलं, मग वाळून पिवळं पडलं. एप्रिल संपत आला, सगळ्यांची लॉन हिरवीगार झाली, आणि हिचं अंगण मात्र जुन्या पायपुसण्यासारखं. गावसमितीची चिठ्ठी आली: मेच्या पहिल्या शनिवारी पाहणी. गवत मेलेलं निघालं तर उकरून नेहमीचं लॉन लावू, आणि ते तुम्ही दर शनिवारी कापायचं. म्हणजे बँड गेला.

"उशिरा उठतं ते, झालं," असं म्हणून आर्डिस खुशाल चार दिवस बहिणीकडे गेली.

धीर सुटला तो आमचा. शाळेचं फुटबॉलचं मैदान सांभाळणारा लायल आणि मी, दोघांनी शुक्रवारी दुपारी मैदानावर मारायचा हिरवा रंग तिच्या अंगणभर फवारला. आमच्याकडे मदत करताना आधी विचारत नाहीत. विचारलं तर समोरचा नको म्हणतो.

शनिवारी सकाळी आर्डिस गाडीतून उतरली आणि बघतच राहिली. "कुणी केलं हे?"

"आम्ही. तुझ्यासाठी."

"अरे गाढवांनो!" म्हणून ती पायरीवर बसून डोळे पुसपुसून हसली.

तेवढ्यात समितीचा अध्यक्ष वेंडेल ह्रुस्का आला. चार पावलं चालला आणि दवाने ओल्या राहिलेल्या रंगात त्याचे पांढरे बूट हिरवे झाले. "मिसेस कोलार, हा तर रंग!"

"तो आम्ही मारला," मी म्हणालो. "ती गावात नव्हती."

"जिवंत गवताला कोण रंग मारतं, मर्ल? संपली पाहणी."

आम्हीच बुडवलं होतं तिला.

"वेंडेल, खाली बस," आर्डिस म्हणाली.

"माझा गुडघा..."

"चौथीत असतानाही बसमध्ये तुझी हीच कारणं. खाली बस!"

पंचेचाळीस वर्षांचा अध्यक्ष मुकाट गुडघ्यांवर बसला. तिने वाळलेल्या काड्या बोटांनी बाजूला केल्या. बुडाशी दोऱ्याएवढी बारीक पाती होती, फिकट, राखाडी हिरवी, रंगाचा ठिपकाही न लागलेली.

"इथे पण आहे!" वेंडेल रांगत पुढे गेला. "इथे तर केवढं!"

आम्हीही खाली बसलो. काय पडलंय ते बघायला शेजारी यंत्रं बंद करून आले आणि तेही बसले. आठ जाणती माणसं, गुडघे हिरवेगार, पोरांसारखी ओरडत होती. मला तर हसू आवरेना.

"जिवंत आहे. तसं लिहून देतो," वेंडेल म्हणाला. त्याला आता दोघांनी धरून उभं करावं लागलं. मग हळूच त्याने विचारलं, "दर आठवड्याला खरंच नाही कापायचं?"

"नाही."

"म्हणजे शनिवार सगळा..."

"सगळा." तिने गाडीचं दार उघडलं. मागच्या सीटवर अकॉर्डियन होतं. "ठोंब हवे असतील तर जूनमध्ये या. मला उशीर होतोय."

ती गेली. मी चौसष्ट वर्षांचा आहे. माझे किती शनिवार त्या यंत्रामागे गेले ते मोजायला घेतलं आणि घाबरून सोडून दिलं.

"वेंडेल," मी म्हणालो, "ठोंबांसाठी पहिला नंबर माझा."