जीप आमची, रस्ता आमचा, जायचं कुठं?

किस्से गोळा करावे लागतात असं लोकांना वाटतं. आमच्या दांडेलीकडच्या जोयड्याच्या जीप स्टँडवर तसं काही नाही. इथं नुसतं बाकड्यावर बसायचं, किस्से आपणहून गाडीत चढतात. कुणी वाघाला शिट्टी मारून बोलावतो, कुणी सुप्याच्या धरणाचं पाणी खारट आहे का ते चाखून बघतो! वीस वर्षं टुरिस्ट फिरवतोय, हसायला माणसं कमी पडली नाहीत.

पण या मे महिन्यातले किस्से टुरिस्टांचे नाहीत, आमचे स्वतःचेच आहेत. म्हणून देवाप्पा ते स्टँडवर सांगू देत नाही. देवाप्पा म्हणजे माझ्या शेजारी जीप लावणारा माझा दोस्त. आज तो भाडं घेऊन कुळगीला गेलाय, तेवढ्यात सांगून टाकतो.

*

सुरुवात माझ्या बायकोनं, शोभानं केली.

"वरीसभर दुसऱ्यांच्या पोरांस्नी डोंगार दावतासा. आपल्या पोरांस्नी येक दिस तरी कुठं न्हेलासा?"

"आपली पोरं डोंगरातच ऱ्हात्यात की!"

"मग खाली उतरवा!"

खरं कारण वेगळं होतं. माझी मुलगी प्रतीक्षा बारावी झाली आणि जूनमध्ये नर्सिंगसाठी बेळगावला जाणार होती. एप्रिलमध्ये तिनं विषय काढला तेव्हा मी भडकून म्हणालो होतो, "येवढ्या लांब तुला बघायला कोण येणार हाय?" पुढं फॉर्मवर सही केली, पण ती जी गप्प झाली ती झालीच. काहीही विचारा, "हं." जेवलीस? "हं." अजून जेवली नाहीस? "हं." दोन्हीला उत्तर एकच! ती जेवली की नाही हे मला शोभाला विचारावं लागायचं. ही अशीच न बोलता निघून गेली तर, या विचारानं मीच अर्ध्या जेवणावरून उठायचो.

"पंधरा दिस ऱ्हायल्यात," शोभा म्हणाली. "घाटात न्या, समुद्रावर न्या, कायबी करा. पण पोरगी बोलती करून धाडा."

*

देवाप्पाची बायको माहेरी हल्याळला गेलेली, म्हणून तो आणि त्याचा मुलगा संजू आमच्यात सामील झाले. संजू आणि माझा ओंकार दोघंही नववीत. मीटिंग आमच्या अंगणात.

मी टुरिस्टांसमोर करतो तसा हात केला. "सकाळी उठून जंगल सफारी!"

ओंकार म्हणाला, "आप्पा, शाळंला जाताना दोन डाव गवं आडवं आल्यात. त्यास्नी परत कशाला भेटायचं?"

"बरं, धबधबा?"

"मे महिन्यात? नुसता दगूड दिसंल!"

"धनेश पक्षी?"

या पक्ष्यासाठी लोक पहाटे उठून दुर्बिणी लावून बसतात. नेमका त्याच वेळी तो आमच्या न्हाणीमागच्या उंबरावर बसून ओरडत होता. संजूनं मान वर न करता त्याला "हाड!" केलं.

मी वैतागलो. "मग तुमाला बघायचंय तरी काय?"

"सरकता जिना!" दोघंही एकदम म्हणाले.

"अय्यो! सीनरीत जिना कुठनं आला?" देवाप्पा म्हणाला. मग हळूच विचारलं, "पण पाय हालवायचाच न्हाई, तर मग वर गेल्यावर उतरायचं कसं?"

पुढची सगळी मीटिंग त्यावरच गेली.

*

मग पोरांनी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढून पोल टाकला. आमच्याकडं नेटवर्क येतं ते रस्त्याच्या मोरीवर, तेही उजव्या कठड्यावर चढून उभं राहिलं तर. मी आणि देवाप्पा कठड्यावर चढलो आणि फोन डोक्यावर धरला. तेवढ्यात बस आली, आम्हाला बघून कचकन थांबली.

कंडक्टरनं डोकं बाहेर काढलं. "चढायचं हाय का उडी मारायची हाय?"

"मतदान करायलोय!" देवाप्पा म्हणाला.

कंडक्टरनं घंटी मारली, बस निघून गेली.

निकाल लागला. अणशी घाट एक, गोवा एक, हुबळी एक, आणि "घरीच बसू" दोन! ओंकार आमच्यावर चिडला. "घरी बसायला मत कुणी दिलं?"

देवाप्पा म्हणाला, "मला वाटलं, त्ये दाबल्यावर पुढचं पान येतंय."

दुसरं मत माझं होतं. चष्मा घरी राहिला होता. प्रतीक्षानं मतच दिलं नव्हतं, पण निकाल वाचताना ती ओठ दाबून हसली असं शोभा सांगते. मी नेमका कठड्यावरून उतरत होतो.

*

त्याच आठवड्यात पुण्याचं एक कुटुंब माझ्या जीपमध्ये होतं. आई, वडील, आणि मागं कानात इयरफोनची बोंडं घालून बसलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा. म्हटलं, जाणकार माणसं आहेत, विचारून घ्यावं.

"मॅडम, या वयाच्या पोरांबरोबर ट्रिप ठरवता कशी?"

"अहो, विचारायचंच नाही!" मॅडम म्हणाल्या. "सरप्राइज द्यायचं. एकदम खूश होतात!"

मला पटलं. बाहेर अर्धा तास दाट जंगल चाललं होतं. मुलानं पहिल्यांदाच मान वर केली, कानातलं एक बोंड काढलं.

"आई, गोवा आला?"

मॅडम माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही जरा सांगाल का त्याला?"

*

तरीही मी घरी जाहीर केलं की सरप्राइज आहे, रविवारी निघायचं. कुठं जायचं ते कुणालाच सांगितलं नाही, कारण मलाही ठाऊक नव्हतं!

रविवारी सकाळी शोभा सामान घेऊन आली. स्वेटर, दोन छत्र्या, पोरांचे पोहायचे कपडे, नारळ, उदबत्ती आणि कोकमाच्या बाटल्या.

"ह्ये काय?"

"थंडी असंल तर स्वेटर, समुद्र असंल तर चड्ड्या, द्यूळ असंल तर नारळ. तुमी सांगत न्हाईसा, मग मी काय करू?"

गाडी मी चालवायची ठरली. देवाप्पा शेजारी बसला. पण ड्रायव्हर माणूस, त्याला नुसतं बसवेना. प्रत्येक वळणाला तो उजवा पाय खाली दाबायचा आणि ब्रेक लागला नाही की माझ्याकडं रागानं बघायचा. चौथ्या वळणाला त्याला मळमळायला लागलं. टुरिस्टांसाठी ठेवलेली पिशवी मी काढून दिली. इतकी वर्षं घाट चढवणारा माणूस, तोंड पिशवीत घालून म्हणाला, "कुणाला सांगू नगंस!"

*

वनखात्याच्या नाक्यावर गार्डनं रजिस्टर काढलं. तो मला रोज बघतो.

"गिऱ्हाईक कुठली?"

"गिऱ्हाईक न्हवं. बायकापोरं हाईत."

"कुणाची?"

"माझी!"

त्यानं आत वाकून सगळ्यांना एकेक करून बघितलं. त्याचा विश्वास बसला नाही. "बरं. जाणार कुठं?"

मी देवाप्पाकडं बघितलं, देवाप्पानं पिशवीत बघितलं.

"अजून ठरलेलं न्हाई," मी म्हणालो.

"ठरलं न्हाई असं लिवू काय? साहेब मला काय म्हणतील? कायतर सांग!"

तेव्हा मागून आवाज आला, "रामनगरकडं."

प्रतीक्षा! दीड महिन्यात तिच्या तोंडून पहिला धड शब्द आला, तोही गार्डसाठी! दांडी वर गेली. मी इतका गोंधळलो की गाडी न्यूट्रलमध्येच रेस करत राहिलो.

*

रामनगरला प्रतीक्षा खाली उतरली, देवाप्पाला मागं पाठवलं आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

"बेळगावकडं घ्या."

मी घेतली. का, हे विचारायचा धीर झाला नाही. खानापूर मागं पडलं. बेळगावात शिरल्यावर ती सांगू लागली, "बस स्टँडवरनं सरळ. आता त्या चौकातनं उजवीकडं. बारीक रस्ता हाय, हळू." आमची भाडी गोव्याची नाहीतर दांडेलीची, शहराच्या त्या भागात मी कधी गाडी घातली नव्हती. ती म्हणेल तसा वळत गेलो.

एका निळ्या फाटकासमोर ती म्हणाली, "थांबा."

आत तीन मजली इमारत, गच्चीवर टॉवेल वाळत घातलेले. तिचं हॉस्टेल! ॲडमिशनला ती मामाबरोबर आली होती. मी आलो नव्हतो.

"दुसरा मजला, शेवटची खिडकी. ती माजी."

आम्ही सहाजण रस्त्यावर उभं राहून खिडकी बघू लागलो. देवाप्पानं फोटो काढला. ओंकार म्हणाला, "ह्येच बघायला आलो व्हय?" शोभानं त्याला चिमटा काढला आणि स्वतः पदरानं डोळे पुसले.

प्रतीक्षा माझ्याकडं वळली. "बघायला कोण येणार म्हणला हुतासा न्हवं? तुमी येणार. चला, आता बस स्टँडवरनं हितपतोर मला तुमी आणून दावा. मी सांगणार न्हाई."

स्टँडवर गेलो, गाडी फिरवली. चौकात मी डावीकडं वळलो.

"आप्पा! उजवीकडं! ती बेकरी दिसती न्हवं, तिच्या म्होरनं!"

पुन्हा स्टँड, पुन्हा चौक. या वेळी सरळ गेलो.

"अवो आप्पा, बेकरी! बेकरी!" मग तिचं तोंड थांबेना. भेटायला रविवारीच सोडतात, फाटकावर माझं पुरं नाव सांगा, येताना आईकडनं चटणी आणा, आणि ओंकारला घेऊन या, त्येला सांगा माझ्या पेटीला हात लावायचा न्हाई.

तिसऱ्यांदा मी परत डावीकडं वळलो.

देवाप्पाला राहवेना. "मनोहर, तुला झालंय तरी काय? जंगलातली पाऊलवाट येकदा चाललास तर दहा वर्सांनी बराबर सापडती तुला. येवढी मोठी बेकरी दिसंना व्हय?"

"शहरातलं मला कळत न्हाई बा," मी म्हणालो आणि गाडी पुन्हा स्टँडकडं घेतली.