अर्पिताच्या पाठीवरचं कडं

अर्पिता माझी ननंद, पण ते फक्त सांगायपुरतं. सासूबाई गेल्या तवा ती बारा वर्षांची होती अन् मी या घरात नवी नवरी. तिच्या वेण्या मी घातल्या. पहिल्यांदा कपडे खराब झाले तवा ती माझ्याचपाशी रडत आली. फॉरेस्टच्या भरतीसाठी रोज सकाळी डांबरी रस्त्यानं पळायची, तवा मांगं सायकल घेऊन मीच असे. कोणी आमाले मायलेकी म्हटलं त आम्ही त्याले चूक म्हणत नव्हतो.

हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं आयकून तुम्ही मले शिव्या घालान. घाला. पण पुरं आयकून घाला.

आमचं गाव मारेगावपासून तीन कोसावर. अर्पिताची नोकरी झरी जामणीकडच्या जंगलात, वनरक्षक म्हणून. रोज दहा-बारा किलोमीटर पायी फिरणं, गवतात बसून डबा खाणं. दोन वर्षांआधी पोळ्याले घरी आली अन् म्हणे, "वहिनी, पाठीत खाजून राह्यलं, पाह्य बरं." पाह्यलं त कमरेच्या वर गोचीड. बैलाले राह्यते तशी टम्म नाही, तिळाएवढी बारीक. मी चिमटीत धरून ओढली अन् चुलीत टाकली. ती म्हणे, "जंगलानं आहेर केला मले." दोघी हासलो.

आठ दिवसांनी महालक्ष्म्यांच्या जेवणाले ती परत आली. साडी नेसवतानी तिची पाठ माझ्यापुढं आली अन् माझ्या हातातल्या निऱ्या सुटल्या. गोचीड काढली होती तिथं मधात लाल ठिपका, अन् त्याच्या भोवताल तळहाताएवढं लाल कडं. पुरं बंद. कुठंच तुटलेलं नाही.

आता मी कोण हे सांगा लागते. माझी माय नागिणीवर इलाज करे. अंगावर फोडांचा पट्टा उठते, ते नागीण. तिचं मुंडकं अन् शेपूट एकमेकाले भिडलं का माणूस जाते, हे आमच्याकडं लेकरालेबी माहीत हाये. म्हणून ते भिडायच्या आधी बिब्ब्यानं तिची वाट तोडा लागते. बिब्बा सुईले टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं का चामडीवर टिपके द्यायचे. मायच्या मांगं हा हात माझ्याकडं आला. आजूबाजूच्या पाच गावचे लोक माझ्या अंगणात येऊन बसत. माझा मानच त्याच्यावर होता, खोटं कायले बोलू? अन् मायचा एक नियम होता, का जिले नागीण झाली तिले ते सांगायचं नाही. भेवानंच माणूस अर्धं मरते.

म्हणून मी अर्पिताले म्हटलं, "फोड हाये वं, बिब्बा लावतो. पालथी पड."

मले त दिसतच होतं, मुंडकं शेपटीले भिडून गेलं होतं. मी त्या कड्यावर बरोबर आठ टिपके दिले. तोंडानं मी तिले शेजारणीच्या भांडणाची गोष्ट सांगत होती. बिब्बा उतला, पाठ सुजली, पोरगी चार दिवस पालथी झोपली. पण कडं गेलं. मी देवापुढं नारळ फोडला. मले वाटलं, यमाच्या हातून ओढून आणली मी पोरगी.

दिवाळीच्या तोंडावर तिले ताप आला. मंग एक दिवस सकाळी चूळ भरली त पाणी एकाच अंगानं गळलं. अर्धं तोंड वाकडं. दोन महिन्यांनी ते सरळ झालं त गुडघे धरले. आज डावा सुजे, पंधरा दिवसांनी उजवा. जी पोरगी टेकडी चढून उतरे, ती न्हाणीतून खाटेवर येऊन धापा टाके. मलेरिया पाह्यला, डेंगू पाह्यला, सिकल सेल पाह्यला, स्क्रब टायफस पाह्यला. सगळं नॉर्मल. नॉर्मल हाये त पोरीले उभं काहून राहता येत नाही, असं विचारलं का डॉक्टर घड्याळ पाहे. एका मोठ्या डॉक्टरनं गोळ्या लिहून देल्या झोपेच्या, अन् वरून सांगे, "हिचं लग्न करून द्या, सगळं थांबेल." मी म्हटलं, "गुडघ्याचं लावू का लग्न?" सुनीलनं, म्हणजे आमच्या यजमानानं, मले दंडाले धरून बाहेर काढलं.

नोकरीवरून सुटी घेऊन ती घरीच पडून. ऑफिसात बोलत, पोरीले जंगल नको, टेबल पाह्यजे, म्हणून हे सोंग. गावात बोलत, कोणाच्या तरी नादाले लागली. आमचे मामाजी, म्हणजे सासरे भगवानराव, कधी पोरीवर आवाज नाही चढवला त्याईनं. पण एक दिवस तेबी ताटावरून उठले अन् म्हणाले, "बाई, पुरे झालं आता हे." अर्पिता भिंतीकडं तोंड करून पडून राह्यली.

अन् मी? मी डॉक्टराईसंग भांडो, गावासंग भांडो, पण कड्याचं नाव तोंडातून काढत नव्हती. तिचं तोंड वाकडं झालं त्याच दिवशी मले ते कडं आठवलं होतं. माझ्याच बिब्ब्यानं त नाही झालं हे? का नागीण भिडली होती अन् मी अर्धवट तोडली, म्हणून ती आत शिरली? कोणाले विचारू? विचारलं त सांगा लागन. अन् सांगितलं त उद्या माझ्या अंगणात कोण येईन? हो, हाबी विचार केला मी. लाज वाटते, पण केला.

यंदा होळीच्या आधी आमच्या सरकारी दवाखान्यात नवी डॉक्टर आली, आरिफा मॅडम. वणीच्या टायरवाल्या निजामुद्दीनभाईची पोरगी. पह्यली डॉक्टर, जिनं फाईल बाजूले ठेवली अन् विचारलं, "जंगलात कुठं बसायची तू? गोचिडी लागायच्या का?" अर्धा तास विचारत राह्यली. मंग म्हणे, गोचिडीच्या चाव्यातून जंतू रक्तात जाते असा एक आजार हाये, लाईम म्हणतात. तोंड वाकडं होणं, गुडघे सुजणं, हा थकवा, सगळं त्यात बसते. आपल्याकडं कोणी शोधतच नाही, त सापडन कसं? तिनं रक्त बाहेरगावी पाठवलं. रिपोर्ट आला तो धड हो नाही, धड नाही नाही.

मॅडमनं विचारलं, "गोचीड चावल्यावर तिथं गोल चट्टा उठला होता का? मधात ठिपका अन् भोवताल कडं?"



"नाही मॅडम," अर्पिता म्हणे. "फोड आलता, वहिनीनं बिब्बा लावला."

मॅडमनं माझ्याकडं पाह्यलं. "भाभी, फोडच होता ना?"

"हाव. फोडच."

दीड वर्ष मी नुसती गप्प होती. त्या दिवशी समजून-उमजून खोटं बोलली.

मंग पत्र आलं. इतक्या लांब सुटीचं काय ते पाहाले अर्पिताले यवतमाळले मेडिकल बोर्डापुढं बोलावलं, मंगळवारी अकरा वाजता. बोर्डानं आजार नाही असं लिहिलं का सारी सुटी बेकायदा, अन् नोकरी गेली. आरिफा मॅडमनं स्वतः चिठ्ठी लिहून देली. अर्पिता बाहेर गेल्यावर मले म्हणे, "भाभी, माझ्या एकटीच्या म्हणण्यावर अठ्ठावीस दिवसांचे इंजेक्शन सुरू केले, त बोर्डाचा कागद दाखवून मलेच थांबवतीन. तो चट्टा कोणी पाह्यला असता त गोष्टच वेगळी होती." मी पदर तोंडाले लावून उभी.

मंगळवारी आम्ही दोघीच गेलो. बाकावर बसलो त अर्पिताचा हात माझ्या हातात, थंडगार. तिचं नाव पुकारलं. ती भिंतीले धरत आत गेली. शिपायानं दार लोटलं, पण ते पुरं लागत नव्हतं.

आत तिघं. मधातल्या मोठ्या डॉक्टरचा आवाज येत होता. "हा आजार इकडचा नाही. रिपोर्ट संदिग्ध आहे. चट्टा उठला नव्हता, हे तुमच्याच जबाबात आहे. मग आम्ही कशाच्या आधारावर मानायचं?"

"सर, मी खोटं नाही बोलून राह्यली."

"खोटं कोण म्हणतंय? काही वेळा मनाचा त्रास शरीरावर निघतो. घरी काही ताण आहे का? आई नाही तुम्हाला, असं दिसतंय इथं."

मंग अर्पिता म्हणे, अन् असा आवाज मी तिचा कधी आयकला नव्हता, "लिहा सर तुम्हाले जे लिहायचं ते. मी थकली आता."

मी उठली. शिपाई म्हणे, "बाई, नातेवाईकाले परवानगी नाही."

"सरक," म्हटलं, अन् आत गेली.

"चट्टा होता," मी म्हटलं. "गोल होता. मधात ठिपका होता. फोड नव्हता. मी पाह्यला, अन् मी जाळला."

मोठ्या डॉक्टरनं चष्मा काढला. "तुम्ही कोण? आत कशा आलात? अन् हे आज आठवलं? कोणी शिकवून पाठवलं का तुम्हाला?"

मंग मात्र माझं टाळकं सटकलं. "मले शिकवणारी माझी माय होती, ती मेली! मले काय हौस हाये का साहेब, तीन डॉक्टरांपुढं सांगायची का मी आपल्या पोरीची पाठ जाळली म्हणून? मले वाटलं नागीण हाये. तोंड भिडलं होतं. पोरगी मरते म्हणून बिब्ब्यानं तोडलं मी ते. अन् मंग भेली, म्हणून दोन वर्षं फोड-फोड करत बसली. आता विश्वास नसन त पाठ पाहा. डाग हायेत अजून. मोजा, आठ भरतीन."

"बिब्ब्याचे डाग आम्ही पाहिलेत. फाईलमध्ये आहे ते."

"पाह्यले, पण कसे हायेत ते पाह्यले का? फोडाले बिब्बा लावायचा त मधात लावतात साहेब. मी मधात एकबी नाही लावला. सारे कडेनं हायेत. रिकाम्या चामडीवर कोण बिब्बा लावते गोल-गोल? कडं होतं, म्हणून कड्यावर लावले."

बोर्डात एक बाई डॉक्टर होत्या. त्या उठल्या, अर्पिताले पडद्यामांगं नेलं. मी इकडं उभी, मोठे डॉक्टर कागदं चाळून राह्यले. पडद्यामांगून बाई म्हणाल्या, "सर, आठ आहेत. वर्तुळातच आहेत. मधली कातडी स्वच्छ आहे." मंग टेबलावरची पट्टी मागितली. "साडेनऊ सेंटिमीटर."

मोठे डॉक्टर स्वतः उठून पाहाले गेले. परत येऊन बसले. मले एक कोरा कागद देला, म्हणे, काढून दाखवा. मी काढलं. गोचीड कोणत्या दिवशी काढली, कडं कोणत्या दिवशी दिसलं, सगळं विचारलं. मी सणावारी सांगितलं, त्याईनं तारखा लावल्या. आवाज बदलला होता त्याईचा, एवढं मी सांगतो.

कागदावर लिहिलं, गोचीड चावल्यानंतरच्या लाईम आजाराची दाट शक्यता, उपचार ताबडतोब सुरू करावेत, रजा आजारपणाची धरावी. दाट शक्यता, एवढंच. पण दोन वर्षांत पह्यल्यांदा कोण्या कागदानं त्या पोरीले खरं म्हटलं होतं. मले वाटलं ती रडन, माझ्या गळ्यात पडन. ती कपडे सावरून बाहेर आली तवापासून माझ्याकडं नुसती पाहून राह्यली होती.

एस.टी.त खिडकीपाशी बसली. करंजी गाव येईस्तोर बाहेरच पाहत राह्यली. मले राहावलं नाही. मी म्हटलं, "अर्पिता, बिब्ब्यानं तुले जाळलं मी. मार मले, पण बोल."

ती म्हणे, "बिब्ब्याचं काय घेऊन बसली वहिनी? तुले वाटलं मी मरतो, म्हणून तू लावला. त्याचा राग नाही मले." मंग माझ्याकडं वळली. "सारे मले सोंगाडी म्हणत होते ना, मंग मलेबी तसंच वाटाले लागलं होतं. मी गुडघा दाबून पाहो, का खरंच दुखते का मीच दुखवून घेतो म्हणून. येडी झाली का मी, असं रोज वाटे. अन् माझं खरं हाये हे एका माणसाले माहीत होतं. त्याच घरात. माझ्या उशाशी बसून."

तिनं रागानंबी नाही म्हटलं. रागानं म्हटलं असतं त मी भांडली असती.

अठ्ठावीस दिवस इंजेक्शन झाले. सूज उतरली. थकवा पुरा गेला नाही. आरिफा मॅडम म्हणे, लवकर कळलं असतं त कदाचित गेला असता. हे तिनं मले नाही म्हटलं, पण मी तिथंच होती. पावसाळा सरल्यावर अर्पिता ड्युटीवर गेली, सध्या ऑफिसातलं काम देलं हाये.

रोज संध्याकाळी फोन करते, मामाजीईले. जेवली, गोळी घेतली, गुडघा बरा हाये, सगळं सांगते. शेवटी म्हणते, "वहिनीले सांगजा मी बरी हाये म्हणून." मामाजी फोन ठेवतात अन् मले येऊन सांगतात. मले फोन दे, असं ती म्हणत नाही.