मासखमणाचं फिटनेस सर्टिफिकेट

“पाच मिन्टनं काम शे मॅडम. तुम्ही शेरा मारा, डॉक्टरसाहेब सही करतीन.”

खांडबाऱ्याच्या बाजारात कापडाचं दुकान असलेले शेठ सरकारी दवाखान्यात माझ्यासमोर बसले होते. शेजारी त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी, भर उकाड्यात स्वेटर घालून. तिला मासखमण करायचं होतं, म्हणजे जैनांच्या चातुर्मासात महिनाभर फक्त पाण्यावर राहायचं. सत्काराचा फ्लेक्स छापायला गेला होता. अडलं होतं ते फिटनेस सर्टिफिकेटपाशी, आणि त्यासाठी शेठनी नेमकं मला, दवाखान्याच्या आहारतज्ज्ञाला, गाठलं होतं!

नाडी पाहिली. फारच संथ. हातांवर बारीक लव, नखं निळसर. म्हटलं, आधी सलाइन लावू. तेव्हा पोरगी पहिल्यांदा बोलली.

“सलाइनमा साखर किती ऱ्हास?”

मी पेन खाली ठेवलं. “शेठ, उपास सोडल्यावर ही काय जेवते?”

“काय जेवस! दोन दिन मूगनं पानी, मंग पुन्हा उपास. लोके पाया पडतस तिना!”

याला ॲनोरेक्सिया म्हणतात. जाड होण्याची इतकी भीती, की भूक लागूनही घास उतरत नाही. हा मनाचा आजार आहे, हट्ट नव्हे, आणि तो हृदय थांबवू शकतो. मी डॉक्टरसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “कुपोषण? दुकानदाराच्या घरात? आपल्या फॉरमॅटमध्ये तो कॉलमच नाही.”

शेठ तर भडकलेच. “तुम्हले आमना धर्म काय कळस?”

“मग ज्यांना कळतो त्यांना विचारू.”

चातुर्मासासाठी आलेल्या वृद्ध साध्वीजींपुढे आम्ही तिघं बसलो. मला धाकधूक होती. त्यांनी मुलीला एवढंच विचारलं, “पारणे के दिन कैसा लगता है, बेटी?”

“डर लगता है,” ती म्हणाली आणि रडायला लागली.

“तो ये तप नहीं है. जाओ, इलाज करो.”

माझी सगळी डिग्री जे करू शकली नाही, ते दोन वाक्यांत झालं. मला राग आला आणि हायसंही वाटलं. त्याच दुपारी ती वॉर्डात दाखल झाली. अशा पेशंटला एकदम पोटभर वाढणंही धोक्याचं असतं, म्हणून चमच्याचमच्याने सुरुवात. मग जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञ, दर आठवड्याला.

दोन महिन्यांनी शेठ पेढे घेऊन हजर. “पोरनं वजन वाढनं! समदा बाजारले सांगी दिन्हं!”

मुलगी दारात मान खाली घालून उभी. त्या आठवड्यात तिने पुन्हा ताट सरकवलं. सावरायला आम्हाला महिना लागला. आता ती जेवते, कधी रडत, पण जेवते.

तेव्हापासून माझ्या डाएट चार्टवर शेवटची ओळ घरच्यांसाठी असते: पेशंटच्या ताटाबद्दल, वजनाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. पेशंट हळूहळू पथ्य पाळायला लागतात. मोडतात ते नातेवाईकच.