कुंकू लावलेला माल

डब्याला कुंकू लावलं की आतला माल खराब होतो, हे ज्ञान मला चंद्रपूरच्या एका एसी ऑफिसात मिळालं. तोवर मी अडाणीच होते म्हणायची.

आमच्या घुग्घुसच्या गल्लीतले एक भाऊ खाणीतली शिफ्ट संपवून मोटरसायकलवर दारोदार फिरायचे आणि कंपनीचे मेंबर करायचे. साबण, शक्तीची पावडर, गोरं करणारी क्रीम. "आपण नोकर नाई राहाचं, मालक व्हाचं," असं मलाही म्हणाले. पहिला माल मेंबरनं स्वतःच विकत घ्यायचा, ही त्यांची मालकी! माझ्याजवळ कुठले पैसे? सासूबाईंनी शेळ्या विकून दिले. त्या शेळ्या त्यांनी पिल्लापासून वाढवलेल्या होत्या.

डबे घरी आले तेव्हा भाऊ म्हणाले, धंद्याचा माल म्हणजे लक्ष्मी, पूजा करा. पैसा सासूबाईंचा, म्हणून पूजाही त्यांनीच करावी असा मी हट्ट धरला. मामंजी गेल्यापासून त्यांनी कुंकवाच्या करंड्याला हात लावला नव्हता. आधी नको नको म्हणाल्या, मग एकेका डब्यावर ठसठशीत बोट उमटवत गेल्या. किती खूश होत्या त्या दिवशी!

विकायला निघाले तर गल्लीत गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. भाऊंनी घरोघरी एकेक दुकानदार करून ठेवलेला. आणि कोळशाच्या धुळीत दिवस काढणारी माणसं गोरं व्हायची क्रीम घेणार कशाला? मी कंपनीतून नाव काढून घेतलं. न विकलेला, सीलबंद माल परत घेऊ, असं त्यांच्याच कागदावर छापलं होतं. पण भाऊंना विचारलं तर ते ऑफिसचा नंबर द्यायचे आणि ऑफिसला विचारलं तर ते भाऊंचा. मेंबर करून घेताना बरे घरी येऊन बसायचे हेच लोक! शेवटी पिशव्या भरल्या आणि सासूबाईंना घेऊन एसटीनं चंद्रपूर गाठलं.

काउंटरवरच्या माणसानं सील पाहिलं, तारीख पाहिली आणि कुंकवाकडे बोट दाखवलं.

"हे डॅमेज आहे ताई. नाई चालत."

"सील तर शाबूत आहे ना?"

"डब्बा खराब केला ना तुम्ही."

माझं डोकंच फिरलं. त्याच्या स्वतःच्या प्रिंटरवर दसऱ्याचं कुंकू होतं. "मग हा प्रिंटर पण भंगारात टाका," मी म्हटलं. "पूजा करा म्हणून तुमच्याच माणसानं सांगितलं. देताना लक्ष्मी अन् वापस घेताना डॅमेज काऊन?"

तो काही लाजला नाही. खालून एक ओलं फडकं काढून त्यानं माझ्यापुढे सरकवलं. "पुसून द्या. लगेच पावती करतो."

खरं सांगते, मी फडकं उचललं. शेळ्यांचे पैसे परत मिळत होते. तेवढ्यात सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"माह्या कपायाचं कुंकू बायांनी पुसलं तवा मले कोनी इचारलं नाई," सासूबाई त्या माणसाला म्हणाल्या. "हे मी माह्या हातानं लावलं. हे नाई पुसू देणार."

त्यानं मान खाली घातली आणि पावतीपुस्तक ओढलं. "बरं मावशी, घेतो. पण मागून आम्हाले पुसावं तर लागनच. हाच माल नव्या मेंबरले जाते."

नवी मेंबर तिथेच होती. नाव नोंदवायला आलेली एक बाई दाराजवळच्या खुर्चीत पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"मंग तर पुसूच नोको," त्या म्हणाल्या. "तिले दिसू दे, हे कोनीतरी वापस करून गेलं."

ती बाई उठून काउंटरशी आली आणि डब्यांवरचं कुंकू वाकून बघू लागली. आमची पावती होईपर्यंत ती पर्स काखेत मारून जिना उतरून गेली होती.