घराचा आवाज ऐकणारा

बारामतीत घर घ्यायचं ठरलं की लोक एका जाणत्या माणसाला किंमत ठरवायला बोलवायचे. भिंती, तुळया पाहून झाल्या की तो ओसरीवर आडवा होऊन डोळे मिटायचा. म्हणायचा, "आता जरा ऐकू द्या."

आम्ही पाहिलेल्या घराशेजारी दिवसभर भांडी ठोकणारे तांबट होते. घरमालकानं त्या दिवशी त्यांना मुद्दाम मळ्यावर जेवायला धाडलं होतं, त्यामुळं सगळं शांत. पण हा उठेचना. शेवटी तांबट परतले, हातोडे सुरू झाले, तसा हा हसत उठून बसला आणि घरमालकाला म्हणाला,

"आबा, आता खरी किंमत बोला!"

घरमालकानं मुकाट्यानं किंमत उतरवली. वडील खूश झाले. तो मात्र आईकडं वळला. "वैनी, दिवसभर हितं तुमी ऱ्हाणार. चालंल का?"

आईनं क्षणभर कान दिला.

"घ्या," ती म्हणाली. "ह्यांचं दुपारचं घोरणं तरी ऐकू येणार न्हाय."