दोन्ही छान आहेत

जिंतूरजवळच्या माळावर द्राक्षं लावून घरीच वाईन करणारा तो माणूस मला एकदाच भेटला. मी पुण्यातल्या एका हॉटेलासाठी वाईन निवडतो हे कळल्यावर त्यानं आग्रहानं जेवायला बोलावलं. भाकरी, वांग्याची भाजी आणि दोन ग्लास. तो सवयीनं ग्लास नाकाशी नेई, डोळे मिटी आणि मग ओशाळून खाली ठेवी.

"आजारपणात वास गेला, साहेब. आंबट-गोड तेवढं जिभेला कळतंय. आज तुमचंच नाक माझं."

तांबडी पिनो न्वार खरंच सुरेख होती. पांढरी शार्डोने जिभेला नेहमीएवढीच आंबट लागत होती, पण तिला व्हिनेगरचा वास येत होता. तिची अख्खी टाकी दुसऱ्याच दिवशी बाटल्यांत भरायची होती. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याच्या घरचा घास हातात होता, मला धीर झाला नाही.

"दोन्ही छान आहेत," मी म्हणालो.

तो एकदम खुलला. भाकरी वाढणाऱ्या बायकोला म्हणाला, "ऐकलंस? आठ दिवस झाले म्हणायलीस, पांढरी बिघडली म्हणून. पुण्याचे साहेब काय म्हणायलेत बघ!"

तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं आणि ताटात आणखी एक भाकरी वाढली. मी मान खाली घालून ती खाल्ली.

परतताना फोन करून खरं सांगावं, असं परभणी येईपर्यंत वाटत राहिलं. केला नाही. त्या घरात खरं बोलणारी ती एकटीच होती आणि मी तिलाच खोटं पाडून आलो.