अन्नपूर्णाबाईचा हात

मी जळकी आहे, हे आधीच सांगून टाकते. पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलाला लागून आमचा छोटा दवाखाना. मी तिथली स्टाफ नर्स, चांद्याला तीन वर्षं शिकून आलेली. अन्नपूर्णा तिथली कंत्राटी आया, सातवी पास, पन्नाशीची. तरी उन्हाळ्यात ऊन लागलेलं माणूस आलं की नातेवाईक दारातूनच विचारतात, "अन्नपूर्णाबाई हाये का?" माझ्या पांढऱ्या गणवेशाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

दवाखान्यात लागण्याआधी तिने वीस उन्हाळे जंगलात विडीचा तेंदूपत्ता तोडला. एकदा तिची धाकटी जाऊ जंगलातच ऊन लागून पडली. हिने तिला नाल्याच्या पाण्यात झोपवलं, ओल्या लुगड्याने वारा घातला आणि जिवंत घरी आणली. तेव्हापासून म्हणे हिच्या हाताला खूण कळते. पेशंटच्या काखेत हात घालायचा आणि सांगायचं, नुसता थकवा की खरा उष्माघात. काख कोरडी आणि तापलेली असली तर घाई. उष्माघातात घाम येतच नाही असं काही नसतं, हे मी पुस्तकात वाचलंय. पण तिचा हात चुकत नसे, याचाच मला राग. आठ उन्हाळे मी तिची एक तरी चूक सापडावी म्हणून टपून बसले होते.

मागच्या मे महिन्यात भर दुपारी जंगूला आणलं. तेंदूपत्ता तोडायला गेलेला, तिशीचा गडी. झोकांड्या खात होता, मला शिव्या देत होता. त्याची बायको रुखमा म्हणाली, "सकाळी जराशी मोहाची घेतली होती, बाई." झालं. डॉक्टर मीटिंगला गेलेले. मी म्हटलं, "व्हरांड्यात निजवा, उतरली की बघू."

तोवर अन्नपूर्णाचा हात त्याच्या काखेत. "बाई, दारूचं नाई हे. आंग तापून राह्यलं त्याचं, घामाचा टिपूस नाई."

"तुला कोणी विचारलं? आपलं काम कर," मी सगळ्यांसमोर ओरडले.

ती फिनेलची बादली घेऊन गेली. दहा मिनिटांनी जंगूला झटका आला.

थर्मामीटरने एकशे सहा दाखवले. मग मात्र शिकलेलं सगळं केलं. कपडे काढले, अंगभर पाणी, वर पंखा, काखेत आणि जांघेत बर्फ, हाताला सलाईन. रुखमा त्याच्या तोंडात पाणी घालायला निघाली, तिला अडवलं. शुद्ध नसताना ते फुप्फुसात जातं. अन्नपूर्णा बादल्या आणत होती. पाऊण तासाने जंगूने बायकोला हाक मारली.

डॉक्टर आले, म्हणाले, "वेळेवर ओळखलंत, सिस्टर." मी अन्नपूर्णाकडे पाहिलं. ती म्हणाली, "बाईनंच ओळखलं, सायेब."

मला बरं वाटायला हवं होतं. मी आणखीच जळले. माझ्यात नाही असं अजून एक काहीतरी तिच्याकडे निघालं होतं.

त्या दिवसापासून तिने पेशंटला हात लावणं सोडलं. कोणी विचारलंच तर म्हणे, "बाईले विचारा." इतकी वर्षं मला हवं होतं ते हेच.

पंधरा दिवसांनी रस्त्याच्या कामावरून रोशनीला आणलं. चार महिन्यांची पोटुशी, चक्कर येऊन पडलेली, डोळे मिटून कण्हत होती, पण हाकेला ओ देत होती. मी तिच्या काखेत हात घातला. पण भीतीने माझ्याच तळव्याला घाम सुटलेला. ओल तिची की माझी, कळेना. थर्मामीटर लावायला गेले तर तो ओल्या बोटांतून निसटला. डोळ्यांसमोर जंगूचा झटका. अन्नपूर्णा बादली धरून जमिनीकडे पाहत उभी होती.

"अन्नपूर्णाबाई," मी सगळ्यांदेखत म्हटलं, "तुम्ही बघता का जरा?"

तिने पदराला हात पुसला आणि रोशनीच्या काखेत घातला. "ओली हाये. आंगही बेताचंच गरम हाये. पाणी पाजू, होते बरी. भेऊ नका."

ते शेवटचं ती रोशनीला म्हणाली नव्हती.